नव्वदच्या खाली

टॅब आले त्या दिवशी सेवेरिना सिस्टरनं स्वतःच्या हातानं त्यांच्यावर दारूचे थेंब शिंपडले, नवी वस्तू लाभावी म्हणून तिकडं शिंपडतात तसे. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक टॅब, भिंतीला ठोकलेला, काळा, चकचकीत. आणि बाळाच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची एक मऊ पट्टी. मध्ये वायर नाही, काही नाही. पट्टी बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणार आणि तो आकडा हवेतून उडत टॅबवर जाऊन बसणार. निएवेस, लहान मुलांच्या छातीच्या वॉर्डातली दुसरी सिस्टर, म्हणाली की डॉक्टरांना कळलं तर ओरडतील, विजेच्या वस्तूवर कुणी दारू शिंपडतं का. सेवेरिना म्हणाली, डॉक्टरांच्या गाडीवर कार्निव्हलला अख्खी बाटली ओतली होती, ती गाडी अजून धावतेय. मग दोघींनी रंगीत कागदाच्या चकत्याही उधळल्या. पुढे कित्येक दिवस त्या चकत्या पाळण्यांच्या फटींत सापडत होत्या.

टॅब सुरू केले आणि सगळेच्या सगळे एकदम बोंबलायला लागले.

अ‍ॅपला शिकवून ठेवलं होतं की आकडा नव्वदच्या खाली गेला म्हणजे मूल धोक्यात. शिकवणारे लोक समुद्राकाठचे असणार. ओरुरो समुद्राकाठी नाही, उंच पठारावर आहे. ओरुरोत हवा इतकी विरळ की नवखा पाहुणा जिना चढला की भिंतीला टेकून उभा राहतो आणि देवाचं नाव घेतो. इथलं ठणठणीत बाळ, पोटभर दूध पिऊन ढेकर दिलेलं, अठ्ठ्याऐंशीवर असतं. अठ्ठ्याऐंशीवरच ते मोठं होतं, फुटबॉल खेळतं, लग्नात नाचतं, म्हातारं होतं. पण हे टॅबला कोण सांगणार? टॅबच्या मते अख्खं गाव मरायला टेकलेलं होतं.

टॅबच्या कोपऱ्यात घंटेचं एक छोटं चित्र होतं. त्यावर अंगठा दाबून धरला की टॅब गप्प बसायचा, आणि बाळाचा आकडा पुन्हा नव्वदच्या वर गेला की आपोआप जागा व्हायचा. कल्पना काही वाईट नव्हती. फक्त इथं आकडा नव्वदच्या वर जायचाच नाही. म्हणजे एकदा गप्प केलेला टॅब गप्पच, मग बाळाचं खाली काहीही होवो. हे सिस्टरांना कळत होतं. पण सगळ्या खाटा एकाच वेळी किंचाळत असताना माणूस काय करणार? आठवड्याभरात सेवेरिनाचा अंगठा स्वतःच चालायला लागला. जेवताना ताटावरची माशी हाकलावी तसा. तिला कळायचंही नाही आपण कुठला टॅब गप्प केला आणि कुठला राहिला.

टॅब काढून टाका, असं ती वरच्या साहेबांकडे जाऊन सांगून आली. साहेब म्हणाले, अहो, टॅब आले म्हणूनच तर तिसऱ्या सिस्टरची जागा भरली नाही. टॅब काढले तर जागाही नाही आणि टॅबही नाही. सेवेरिना परत येऊन टॅब गप्प करायला लागली.

शेवटी तिनं फ्रोइलानला गाठलं. फ्रोइलान रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनियर, पोरगेलासा, बोलका, आणि कार्निव्हलमध्ये सैतान होऊन नाचणारा. वर्षभर पगारातले पैसे साठवून तो शिंगांचा मुखवटा करून घ्यायचा, आणि एकदा मुखवटा चढवला की त्याच्यापुढे कोणी शहाणपणा करायचा नाही. सेवेरिनानं त्याला वॉर्डाच्या दारात उभं केलं आणि नुसतं ऐकायला लावलं. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

"सिस्टर, हे तर आमच्या बँडपेक्षा बेसूर आहे."

"बँड तरी वर्षातून एकदाच येतो. कर काहीतरी."

फ्रोइलान त्या अ‍ॅपच्या पोटात शिरला. कसा शिरला ते त्यालाच ठाऊक. त्यानं समजावून सांगितलं आणि सेवेरिनानं मान डोलावली, बस्स. नव्वदच्या जागी त्यानं पंच्याऐंशी लिहिलं. आणि कुठला टॅब सुधारलेला ते सिस्टरांना चटकन दिसावं म्हणून प्रत्येक सुधारलेल्या टॅबच्या कोपऱ्यात आपला सैतान बसवला. शिंगं, बाहेर आलेले डोळे, दात, सगळं नखाएवढ्या जागेत. निएवेस म्हणाली, ओळखीसाठी साधा ठिपका चालला नसता का? फ्रोइलान म्हणाला, ओरुरोत राहून ठिपका?

आणि वॉर्ड शांत झाला.

इतका शांत, की पहिले दोन दिवस सेवेरिना घाबरून खाटा तपासत फिरत होती. नळ ठिबकताना ऐकू यायचा. मुलांच्या आया एकमेकींशी गप्पा मारू लागल्या. आणि मग एका सकाळी, सगळं निवांत असताना, खिडकीजवळचा एकच टॅब वाजला. एकच. सेवेरिना हातातला कप टाकून धावली. लिंबर्ट नावाचं मार्सेलिनाचं बाळ, आकडा अठ्ठ्याहत्तर, ओठ शिसपेन्सिलीसारखे. घशात चिकट कफ अडकला होता. नळी घातली, कफ ओढला, ऑक्सिजन लावला, आणि बघता बघता त्याच्या ओठांत रंग परत आला. मग तो जो रडला, तो रडका आवाज सेवेरिनाला इतका गोड लागला की ती तिथंच खाटेच्या कडेवर बसून राहिली.

मार्सेलिना बाजारात सकाळी आपी विकायची, जांभळ्या मक्याचं गरम गोड पेय. तिनं बोलून आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी किटलीभर आपी आणून टेबलावर ठेवली, आणि शाल सावरत विचारलं की लिंबर्टचे केस कापायला तुम्ही याल का. तिकडं बाळाचे केस सुरुवातीला कापतच नाहीत. वाढवतात, विंचरतात, वेण्या घालतात, आणि मग एके दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर पहिली बट कापायचा मान ज्याला मिळतो तो त्या घरातला कायमचा होतो. सेवेरिनाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ती हो म्हणाली, आणि त्या क्षणापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. मुलाच्या नात्यानं बांधलेल्या बहिणी. रक्ताच्या बहिणीशी भांडता तरी येतं. कोमाद्रेशी भांडायचं म्हणजे पापच.

मग सेंतेनोबाई आल्या.

औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या खात्यातून आल्या होत्या, ऑक्सिजनच्या सिलिंडरांचे नळ तपासायला. टॅबशी त्यांचा काही संबंध नव्हता. नळ तपासले, सही केली, निघाल्याच होत्या. जाता जाता एका बाळाकडे बघून हसल्या, आणि त्यांची नजर बाळाच्या उशाशी गेली.

"हा कोण?"

"सैतान," निएवेस अभिमानानं म्हणाली. "आमच्या इंजिनियरचा."

सेवेरिनानं डोळे मिटले. साधा ठिपका असता तर त्या निघून गेल्या असत्या.

सेंतेनोबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सगळं विचारून घेतलं. कोणी बदललं, काय बदललं, कधीपासून. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सेवेरिनाला भांडता तरी आलं असतं. कपाटात एक जादा टॅब होता, त्यावर सैतान बसायचा राहिला होता. सेवेरिनानं तो काढला, सुरू केला, आणि पट्टी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बोट द्या, बाई."

"मला काय धाड भरलीय?"

"द्या तर."

पट्टी सेंतेनोबाईंच्या बोटाला लागली मात्र, टॅब कोकलायला लागला. सत्त्याऐंशी.

"अरेरे," सेवेरिना म्हणाली, "तुम्हाला तर लगेच भरती करायला हवं. खाट रिकामी नाही, पण एखाद्या बाळाला सरकवू जरा."

सगळ्या आया हसल्या. सेंतेनोबाईही हसल्या, मनापासून, बोट टॅबपुढे तसंच धरून. मग हसू ओसरलं आणि त्यांनी पट्टी काढून सेवेरिनाच्या हातात दिली.

"सिस्टर, माझी आई इथल्याच पठारावरच्या चाल्यापाताची. मला हे शिकवू नका. पण मंजुरी आहे ती नव्वदवाल्या अ‍ॅपला. आकडा बदलला की ते अ‍ॅप दुसरं झालं, आणि त्या दुसऱ्याला मंजुरी नाही. उद्या तुमच्या पंच्याऐंशीमुळे एखादं मूल गेलं तर ते कोणाच्या नावावर?"

"आणि नव्वदमुळे गेलं तर?"

"तर कोणाच्याच नाही."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण त्यांनी पिशवी उगाच दोनदा उघडून बंद केली. मग म्हणाल्या की मार्ग नाही असं नाही. कंपनीनं पंच्याऐंशीसाठी नवा अर्ज करायचा, उंचावरच्या मुलांवर तपासणी करून दाखवायची, खातं नक्की विचार करेल. तोवर जुनं अ‍ॅप परत घाला. नाहीतर मला वॉर्डातलं सगळंच बंद करावं लागेल, ऑक्सिजनसकट.

फ्रोइलाननं कंपनीला विचारलं. कंपनीचं उत्तर अगदी गोड होतं. तुमच्या कळकळीचं कौतुक वाटतं; पण इतक्या उंचावरची रुग्णालयं जगात थोडी, त्यांच्यासाठी वेगळी तपासणी करणं सध्या परवडत नाही. फ्रोइलान एका दुपारी वॉर्डात आला आणि एकेक टॅब खाली उतरवायला लागला. एकेक सैतान पुसत गेला. शेवटच्या टॅबपाशी त्याचा हात थांबला. हा एक राहू देऊ का, असं तो सेवेरिनाकडे न बघताच पुटपुटला. सेवेरिनाला हो म्हणायचं होतं. पण ऑक्सिजनसकट, हे शब्द तिच्या कानातून जात नव्हते. ती म्हणाली, पूस.

आणि टॅब पुन्हा बोंबलायला लागले. आणि सेवेरिनाचा अंगठा पुन्हा चालायला लागला, जणू मधले दिवस आलेच नव्हते.

जून उजाडला; तिकडं जून म्हणजे ऐन थंडी. सान हुआनचा सण वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री येतो, आणि त्या रात्री शेकोट्या पेटवायला बंदी आहे, आणि त्या रात्री ओरुरोत शेकोटी पेटवत नाही असं घर नाही. मोडक्या खुर्च्या, टायर, जुन्या गाद्या, सगळं आगीत. पोरं पावात सॉसेज घालून खातात, मोठी माणसं पितात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावावर धुराचं घोंगडं पसरलेलं असतं आणि छातीच्या वॉर्डाबाहेर रांग असते.

त्या सकाळीही होती. एकेका खाटेवर दोन दोन मुलं. पट्ट्या कमी पडल्या, त्या या पायावरून त्या पायावर. लिंबर्ट थोड्या दिवसांपूर्वीच पुन्हा भरती झालेला होता, न्यूमोनियानं, पण आता उतारावर होता. दूध प्यायला लागला होता, सकाळी हसलाही होता. मार्सेलिनानं त्याच्या बारीक बारीक वेण्या घालून टोकांना लाल लोकर बांधली होती. त्याचा आकडा अठ्ठ्याऐंशी. त्याच्या उशाचा टॅब वाजत होता, कारण अठ्ठ्याऐंशी. सेवेरिनानं जाता जाता अंगठा दाबून त्याला गप्प केलं.

लिंबर्टचं इंजेक्शन वॉर्डात संपलं होतं. ते बाहेरच्या दुकानातून आणावं लागणार होतं. मार्सेलिना घुटमळत उभी होती.

"जाऊ का, कोमाद्रे? झोपलाय तो."

"जा. मी आहे. टॅब आहे."

मार्सेलिना गेली. सेवेरिना दाराजवळच्या खाटेवर एका नव्या मुलीची शीर शोधत होती. मुलगी गुटगुटीत, शीर काही सापडेना. निएवेस दोन खाटा पलीकडे कुणाला तरी वाफ देत होती. सात-आठ टॅब वाजत होते, त्यातले दोन की तीन नुकतेच गप्प केले होते, एक आजी विचारत होती की माझा नातू मरतोय का. नाही मरत, आजी, ते यंत्र खोटं बोलतं, असं सेवेरिना तिला म्हणाली, आणि तेवढ्यात शीर सापडली.

ती वळली तेव्हा खिडकीजवळचा टॅब लाल दिसत होता. आवाज नव्हता. नुसता लाल, आणि त्यावर बावन्न.

घशात कफच होता, मागच्या वेळसारखाच. नळी घातली, कफ निघाला, ऑक्सिजन लावला, छाती दाबली. डॉक्टर आले, त्यांनीही दाबली. मागच्या वेळी सारं जमलं होतं कारण ती वेळेवर पोचली होती. एवढाच काय तो फरक. सेवेरिना थांबेना तेव्हा निएवेसनं तिचे हात धरून बाजूला केले.

मार्सेलिना इंजेक्शन घेऊन दारात उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, तरी कळलं. ती ओरडली नाही. सेवेरिनाजवळ आली आणि तिनं अगदी हळू, शाळेत शंका विचारावी तसं विचारलं.

"वाजलं नाही का ते?"

"वाजलं होतं."

"मग?"

"मी गप्प केलं."

मार्सेलिनानं त्या टॅबकडे बघितलं. मग तिनं इंजेक्शनचं खोकं लिंबर्टच्या पायाशी ठेवलं, नीट, पडू नये अशा बेतानं.

दुसऱ्या दिवशी तिनं निरोप पाठवला की केस कापल्याशिवाय त्याला मातीत द्यायचं नाही, सिस्टर कबूल झाल्या होत्या. सेवेरिना गेली. गोतावळा नव्हता, बँड नव्हता, शेजारच्या दोन बाया होत्या. तिनं पहिली वेणी कापली. प्रथेनं पुढच्या वेण्या इतरांनी कापायच्या असतात, पण कात्री घ्यायला कोणी हात पुढे केला नाही, म्हणून एकेक करून सगळ्या तिनंच कापल्या. मार्सेलिनानं कोमाद्रे म्हटलं नाही. सिस्टर म्हटलं. पुन्हा कधी ती वॉर्डात आली नाही, आणि बाजारात सेवेरिना त्या गल्लीनं जायची टाळू लागली.

चौकशी झाली. साहेबांच्या खोलीत सगळे बसले; कंपनीचा माणूस दूरच्या देशातून पडद्यावर आला होता, मागे खिडकीत समुद्र दिसत होता. त्यानं आधी मनापासून दुःख व्यक्त केलं. मग सांगितलं की अ‍ॅपनं आपलं काम चोख केलं, इशारा दिला. वापरणाऱ्यानं तो बंद केला. सेवेरिना म्हणाली, हो, मीच बंद केला. फ्रोइलान उठून आकड्याबद्दल बोलायला लागला तर साहेबांनी त्याला खाली बसवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले की तुझ्या सैतानाचं प्रकरण मिटलंय ते मिटलेलंच राहू दे. सेंतेनोबाई कोपऱ्यात होत्या. उंची, हवा, असं काहीतरी बोलायला लागल्या, पण पडद्यावरच्या माणसानं विचारलं की यासंबंधी मंजूर झालेली तपासणी आहे का, आणि त्यांना नाही म्हणावं लागलं. सेवेरिनाला कुणी कामावरून काढलं नाही. तिच्या जागी यायला कोणी नव्हतंच.

थंडी सरता सरता एका सकाळी निएवेस जिना चढून धापा टाकत आली. मंजुरी आली, म्हणाली. अ‍ॅप बदललं, नवं आलं, खात्यानं या वेळी महिनाभरसुद्धा लावला नाही.

सेवेरिनानं हातातलं काम खाली ठेवलं.  म्हणजे कोणीतरी ऐकलं होतं. उशीरच झाला होता, त्याच्यासाठी झालाच होता; पण या पोरांसाठी नाही, पुढच्या सान हुआनला येणाऱ्यांसाठी नाही. तिच्या मनात आलं, संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन सांगावं. ऐकणार नाही मार्सेलिना, पण सांगावं.

फ्रोइलान टॅबवर नवं अ‍ॅप घालत होता. तो मान वर करत नव्हता. एकेक टॅब उजळला, आणि एकेक टॅब बोंबलायला लागला. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद.

"आकडा?" सेवेरिनानं विचारलं.

"नव्वदच."

"मग बदललं काय?"

तो पुढच्या टॅबकडे वळला. तिचा अंगठा आपोआप कोपऱ्यात गेला आणि गुळगुळीत काचेवर टेकला. घंटेचं चित्र तिथं नव्हतं. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, पडदा सरकवला. कुठंच नव्हतं.

गप्प करायचं बटण काढून टाकलंय, फ्रोइलान शेवटी म्हणाला. मूल दगावलं ते बटणामुळे असं चौकशीत निघालं ना. धोक्याची गोष्ट कमी करायला तपासणी लागत नाही, म्हणून मंजुरी लगेच. सेंतेनोबाईंनी आकड्याबद्दलही लिहिलं होतं म्हणतात. ते अजून विचाराधीन आहे.

सेवेरिना काही बोलली असती तरी कोणाला ऐकू आलं नसतं. अख्खा वॉर्ड किंचाळत होता, आणि आता तो दिवसभर किंचाळणार होता, उद्याही, परवाही. यातलं कुठलं किंचाळणं खरं, हे ओळखायची सोय जगात कोणाकडेच नव्हती. पोरं दचकून रडायला लागली, आणि त्यांचं रडणंही त्या आवाजात बुडून गेलं.

खिडकीजवळच्या खाटेवरची बाई, कालच खेड्यातून आलेली, उठली. तिनं पाठीवर मूल बांधायचं विणलेलं रंगीत कापड सोडलं, भिंतीवरच्या टॅबभोवती गुंडाळलं, वर बाळाची दुलई घातली, आणि आवाज जरासा दबला. ते बघून दुसरीनं केलं. मग तिसरीनं. बघता बघता भिंतीवर रंगीत गाठोडी दिसायला लागली, ओळीनं, प्रत्येक पोराच्या उशाशी एक.

एका तरुण आईचा हात पुरत नव्हता. कडेवरचं मूल सांभाळत ती टाचा उंचावत होती. तिनं सेवेरिनाकडे बघितलं, ही सिस्टर आता ओरडणार अशा नजरेनं.

सेवेरिनानं तिच्या हातातून कापड घेतलं, टॅबला दोन वेढे दिले, आकडा झाकला गेला ना ते पाहिलं, आणि गाठ घट्ट मारली.